उजेडाला धरलेले कापड
घरातील गाळणे, खण आणि गोधडी यांच्या वाटेने प्रयोगशील वेशकलेकडे

दुकानात ठाण उलगडले की घरातील वडीलधारी स्त्री लगेच भाव विचारीत नाही. ती कापड दोन बोटांत चोळून पाहते आणि मग दाराशी जाऊन ते उजेडाला धरते. वीण घट्ट आहे की विरळ, धागा सारखा आहे की गाठाळ, रंग आतपर्यंत मुरला आहे की वरवरचा, हे सारे तिला त्या एका दृष्टिक्षेपात कळते. कोणत्याही विद्यालयात न शिकविलेली ही परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

आज ज्या कलेला प्रयोगशील वेशकला म्हणतात, तिचा आरंभही पुष्कळदा याच कृतीतून होतो. अंग झाकणे आणि सजविणे एवढ्यावर ही कला थांबत नाही. कापड येते कोठून, ते कोणी हाताळले, त्यावर प्रकाश पडला की काय घडते, जुने झाल्यावर ते जाते कोठे, असे प्रश्न ती वस्त्रातूनच विचारते. त्यांची उत्तरे शोधताना जगभरचे वेशकार राजवाड्यांच्या भरजरी पोशाखांपेक्षा घरातील साध्या कापडांकडे वळलेले दिसतात: चादर, पडदा, पुसणे, पांघरूण, रजई. धाराशिव जिल्ह्यासारख्या कोरडवाहू, अवर्षणाच्या प्रदेशातील घरांत असे कापड आजही वापरात आहे आणि ते घडविणारे हातही आहेत. मात्र घरातील कापड जगाच्या रंगमंचावर जाते, तेव्हा ते घडविणारी बाई कोठे राहते, या प्रश्नाचा विचार त्या झगमगाटात क्वचितच होतो.

तगरची मलमल

धाराशिव शहरापासून जवळच तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर हे गाव आपल्याला संत गोरोबाकाकांमुळे ठाऊक असते. हेच प्राचीन 'तगर'. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या प्रवासग्रंथात दक्षिणेतील दोन मोठ्या व्यापारपेठांची नावे आहेत: पैठण आणि तगर. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे, असे तो सांगतो. तगरहून भडोच बंदराकडे गाड्यांतून जाणाऱ्या मालात साधे सुती कापड, नाना प्रकारची मलमल आणि 'मोलोखिना' नावाचे एक खास वस्त्र यांचा उल्लेख आहे. भडोचहून हा माल समुद्रमार्गे पश्चिमेकडे जाई.

या प्रदेशाशी आपला संबंधही जुना आहे. कनकामर मुनींच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात तेरापूर येते आणि तेथून जवळच्या डोंगरातील लेण्यांची व पार्श्वनाथांच्या प्रतिमेची कथा येते. धाराशिवची लेणी पाहणाऱ्या अनेकांना ही कथा आठवते.

तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मणी, मृण्मूर्ती, नाणी, भांडी यांचे थक्क करणारे वैभव आहे. सुती कापड मात्र आपल्या हवेत दोन हजार वर्षे टिकत नाही. ज्या मलमलीमुळे हे गाव ग्रीक ग्रंथात पोहोचले, त्या मलमलीच्या विणकराचे वा सूत काढणाऱ्या स्त्रीचे एकही नाव आपल्यापर्यंत आलेले नाही. बंदराचे नाव उरले, बाजाराचे उरले, हातांचे हरवले. पुढील सर्व विवेचनात हे ध्यानात ठेवावे.

मलमलीचे सौंदर्य तिच्या धाग्यांत जितके, तितकेच धाग्यांमधील मोकळ्या जागेत असते. धागा जितका बारीक आणि वीण जितकी मोकळी, तितका प्रकाश कापडातून आरपार जातो आणि घड्या पडल्या की एकावर एक थर येऊन तेच कापड ठिकठिकाणी गडद दिसते. पश्चिम भारतातील कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्यांत स्त्रियांच्या अंगावरील पारदर्शक ओढण्या आणि हंसांच्या नक्षीची वस्त्रे चित्रकारांनी किती बारकाईने दाखविली आहेत! त्या पोथ्यांतील नक्षीशी जुळणारे, गुजरातेत ठशांनी छापलेले सुती तुकडे इजिप्तमधील फुस्तात येथे सापडले आहेत. पोथीतील वस्त्र हे केवळ चित्रकाराच्या कल्पनेतील नव्हते, बाजारात मिळणारे होते, याची ही साक्षच होय.

गाळणे : उजेड अडविणारे वस्त्र

मलमलीच्या नेमके उलट टोक आपल्या स्वयंपाकघरात आहे. पाणी गाळण्याचे वस्त्र कसे असावे, याविषयी आपल्याकडे स्पष्ट परंपरा आहे. ते जाड असावे, दुहेरी करून वापरावे आणि त्यातून सूर्याचे किरण पलीकडे दिसू नयेत. सूक्ष्म जीवांची विराधना टाळण्यासाठी सांगितलेला हा नियम आहे. पण वस्त्रविद्येच्या दृष्टीने पाहिले तर कापडाच्या विणीची ती एक अचूक कसोटी आहे. मोजपट्टी नाही, भिंग नाही. सूर्य हेच मोजमापाचे साधन.

देवघरात आणि मंदिरात प्रकाशाशी निराळे नाते जुळते. प्रतिमेच्या वर बांधलेला चंदरवा, शास्त्राभोवतीचे वेष्टन, मखमलीवरील जरीकाम हे सर्व मंद दिव्याच्या उजेडासाठी घडविलेले असते. जरीची तार चपटी केलेली असल्यामुळे ती लहानशा आरशासारखी वागते. दिव्याची ज्योत हलली की वस्त्र हलल्याचा भास होतो. विजेच्या प्रखर झोतात हेच काम भडक वाटते, कारण ते त्या उजेडासाठी नव्हतेच.

तुळजापूरला भवानीमातेची ओटी भरताना जो खण वाहिला जातो, त्याचेही असेच. बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड हे गाव अशा खणांसाठी प्रसिद्ध आहे. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला, की एका बाजूने पाहताना एक रंग पुढे येतो, दुसऱ्या बाजूने दुसरा. याला आपण धूपछाँव म्हणतो. चोळीपुरता अरुंद विणला जाणारा हा खण आता साड्या, झगे, पिशव्या यांत दिसतो. मुंबईत काम करणाऱ्या वेशकार वैशाली शडांगुळे यांनी खणासह देशातील अनेक हातमागांची वस्त्रे आपल्या रचनांत वापरली. जुलै २०२१ मध्ये पॅरिसच्या उच्च वेशकला सप्ताहात रचना सादर करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला वेशकार ठरल्या. ओटीतील कापड आणि पॅरिसचा रंगमंच यांतील अंतर आपण समजतो तेवढे नाही, हे त्यांच्या वाटचालीवरून दिसते.

गोधडीचे शास्त्र

आता गोधडीकडे वळू. काही भागांत तिला वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरे, मुलांचे आखूड झालेले कपडे, शिंप्याकडील कातरणे यांचे थर एकावर एक अंथरायचे, ते सरकू नयेत म्हणून कडांवर दगड ठेवायचे आणि धावदोऱ्याने सारे एकत्र शिवायचे, एवढीच तिची कृती. पुष्कळ ठिकाणी टाका कडेने सुरू होतो आणि चौकोनामागून चौकोन करीत मध्याकडे येतो. आखणी नाही, कागदावरचा नमुना नाही. ठिगळ कोठे लावायचे, लालाशेजारी हिरवा घ्यायचा की पिवळा, हे शिवणारीची नजर ठरविते.

गोधडी हे प्रकाशाचे वस्त्र आहे असे म्हटले तर आश्चर्य वाटेल. पण कवडसा तिरपा पडला असता तिच्याकडे पाहावे. धावदोरा जेथे थर दाबतो तेथे बारीक खळगा तयार होतो आणि दोन ओळींच्या मधला भाग किंचित फुगून राहतो. या उंचसखल पृष्ठभागावर छायेच्या लाटा उमटतात. एकरंगी गोधडीतही त्यामुळे नक्षी दिसते. ती रंगाने काढलेली नसते, सावलीने काढलेली असते. शिवाय वरचे लुगडे झिजून विरळ झाले, की खालच्या थराचा रंग हळूहळू डोकावू लागतो. नवे असताना न दिसणारे सौंदर्य वापराने प्रकट होते, अशी वस्त्रे जगात फार थोडी आहेत.

मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्राच्या गावोगावच्या गोधड्यांचा अभ्यास करून त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यामुळे परदेशातील रजई-अभ्यासकांना आपल्या गोधडीची ओळख झाली. तोवर आपण स्वतः मात्र तिला पाहुणे आले की आत लपविण्याची वस्तू मानीत होतो.

जगाच्या रंगमंचावर

पांघरुणाचे अंगरखे होण्याची कल्पना नवी नाही. १९३७ साली चार्ल्स जेम्स यांनी पिसे भरलेल्या रजईसारखे फुगीर पांढरे जाकीट घडविले. १९९९ मध्ये मार्टिन मार्जेला यांनी चक्क रजईचाच कोट केला. न्यूयॉर्कमध्ये एमिली बोडे यांनी २०१६ साली सुरू केलेल्या वेशगृहाची ओळखच जुन्या रजया, टेबलावरील आच्छादने आणि घरगुती कापडांतून शिवलेल्या सदऱ्यांमुळे झाली.

या सर्वांत मनाला भिडणारा प्रयोग हुसेन चलायन यांचा. सायप्रसमधील निकोसिया येथे जन्मलेल्या या वेशकाराने फाळणी झालेल्या बेटाची वेदना जवळून पाहिली होती. फेब्रुवारी २००० मध्ये लंडनच्या रंगमंचावर त्यांनी एक दिवाणखाना उभा केला. चार खुर्च्या आणि मध्ये एक गोल लाकडी टेबल. युवती आल्या, त्यांनी खुर्च्यांवरील खोळी काढल्या आणि अंगावर घातल्या. खोळींची वस्त्रे झाली, खुर्च्या मिटून पेट्या झाल्या. शेवटी एक युवती टेबलाच्या मधोमध उभी राहिली, तिने ते कमरेपर्यंत वर उचलले आणि टेबलाचा घागरा झाला. दिवाणखाना रिकामा झाला. घर सोडून जाण्याची वेळ आली तर माणूस अंगावर काय नेईल, हा त्यातील प्रश्न होता. पुढे २००७ मध्ये याच वेशकाराने वस्त्रांत असंख्य सूक्ष्म दिवे बसवून कापडालाच प्रकाशाचा पडदा बनविले.

टेबलाचा घागरा पाहून सभागृह चकित झाले. पण घर अंगावर वाहून नेणे ही धाराशिवच्या अनेक कुटुंबांसाठी कल्पना नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून आणि शेजारच्या बीडमधून ऊसतोड कामगारांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, चूल, पीठ, मुले आणि गोधड्यांचे गाठोडे असते. फडाजवळच्या कोपीत भिंत म्हणावी अशी भिंत नसते. तेथे गोधडी हेच अंथरूण, तेच पांघरूण, तोच आडोसा आणि तीच बाळाची झोळी. वेशकाराने रंगमंचावर ज्याचे रूपक केले, ते या बायांच्या बाबतीत वर्षातील पाच-सहा महिन्यांचे वास्तव आहे. गोधडीचा कोट पाहताना आपल्याला हे आठवले पाहिजे.

आपल्या देशातही या दिशेने मन लावून काम झाले आहे. अहमदाबादच्या साराभाई कुटुंबातील गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांनी १९४९ मध्ये कॅलिको वस्त्रसंग्रहालय उभे केले. याच कुटुंबातील आशा साराभाई यांनी हाताने टाके घातलेली, रजईसारखी थरांची साधी वस्त्रे घडविली आणि जपानचे विख्यात वेशकार इस्सेई मियाके यांच्यासह त्या कामाला जगापुढे नेले. पुण्यात करिश्मा शहानी-खान यांच्या 'का-शा' या वेशगृहाने उरलेली व जुनी कापडे पुन्हा वापरात आणण्याचा 'हार्ट टू हाट' हा उपक्रम चालविला आहे. चिंधी ही टाकाऊ वस्तू नसून सामग्री आहे, ही गोधडीमागची जाणीव अशा कामांतून नव्या पिढीपर्यंत पोहोचते.

चमक येते कोठून?

प्रकाशाचा विषय निघाला की रेशमाचा येतोच आणि आपल्या घरांत तो अवघड प्रश्न घेऊन येतो. रेशमाच्या तंतूचा छेद साधारण त्रिकोणी असतो. त्यामुळे तो लोलकासारखा प्रकाश परतवतो आणि ती मऊ झळाळी दिसते. पण हा तंतू अखंड मिळावा म्हणून कोशातील जीव बाहेर पडण्यापूर्वीच कोश उष्णतेने तापवितात वा उकळतात. झळाळीची खरी किंमत ही आहे. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी पतंग कोशातून बाहेर पडू दिल्यानंतर उरलेल्या कोशांचे सूत काढून 'अहिंसा रेशीम' विणण्याचा मार्ग रूढ केला. भोक पडलेल्या कोशातून अखंड तंतू निघत नाही, तो कापसासारखा कातावा लागतो. म्हणून या कापडाची चमक थोडी मंद आणि पोत थोडा खडबडीत असतो. काहींना ते उणे वाटते. परंतु ती मंद चमक म्हणजेच जीव वाचल्याची खूण आहे, असे का मानू नये?

कापसाचा तंतू मुळात पिळलेल्या फितीसारखा असतो. तो प्रकाश सर्व दिशांना विखरून टाकतो, म्हणून सुती कापड निस्तेज भासते. इंग्लंडच्या जॉन मर्सर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाहक क्षाराची प्रक्रिया शोधली. पुढे धागा ताणून धरून ती प्रक्रिया करण्याची रीत आली आणि कापसालाही तकाकी लाभली. आपण ज्याला मर्सराइज्ड कापड म्हणतो ते हेच. सांगण्याचा हेतू असा की चमक हा दैवी गुण नव्हे. तंतूचा आकार, विणीची रीत आणि प्रकाशाची दिशा यांचा तो खेळ आहे. कोणताही जीव न दुखविता हा खेळ किती रीतींनी खेळता येईल, हे प्रयोगशील वेशकारांपुढील आव्हान आहे. टाक्याच्या सावलीतून नक्षी काढणाऱ्या गोधडीने त्याचे एक उत्तर केव्हाच दिले आहे.

नाव कोणाचे, मोल कोणाला?

गरिबीचे कापड श्रीमंतीची वस्तू होते तेव्हा काय घडते, याचे दाखले जगात आहेत. जपानच्या उत्तरेकडील आओमोरी भागात थंडीमुळे कापूस पिकत नसे. तेथील शेतकरी कुटुंबे कापसाची चिंधीही जपून ठेवीत आणि ठिगळावर ठिगळ लावून पिढ्यान्‌पिढ्या वापरीत. या 'बोरो' वस्त्रांची पुढे लोकांना लाज वाटू लागली. आज तीच वस्त्रे संग्रहालयांत आहेत आणि त्यांचे अनुकरण करणारे महागडे कोट बाजारात आहेत.

अमेरिकेतील अलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या रजया २००२ मध्ये मोठ्या कलासंग्रहालयांत मांडल्या गेल्या. समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली, टपाल तिकिटेही निघाली. परंतु त्या नमुन्यांच्या हक्कांवरून आणि मिळकतीवरून काही रजईकर्त्या स्त्रियांना २००७ मध्ये न्यायालयात जावे लागले. पुढील वर्षी तडजोड झाली. कौतुक झाले म्हणजे न्याय झाला, असे नसते.

मराठवाड्यात याचे भान आत्ताच ठेवावयास हवे. धाराशिवच्या शेजारील सोलापूरची चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. निदान नावापुरते तरी त्या कापडांचे गाव त्यांच्यासोबत चालते. गोधडी मात्र घराघरांत, हातागणिक निराळी घडते. तिला गिरणी नाही, शिक्का नाही. तिची रचना कोणीही उचलावी, यंत्रावर छापावी आणि शिवणारीला पत्ताही लागू नये, हे सहज शक्य आहे. अस्सल हातशिलाईच्या गोधडीत टाक्यांची लांबी किंचित कमीजास्त असते आणि मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच बोलकी असते. यंत्राच्या नकलेत ठिगळे केवळ छापलेली असतात, स्पर्शाला सारे सपाट. एवढी पारख तरी आपल्याला असली पाहिजे.

अचौर्य म्हणजे केवळ दुसऱ्याचे धन न उचलणे एवढाच अर्थ आपण घेतो. दुसऱ्याच्या हातचे कसब उचलून त्याचे नाव पुसणे हेही त्याच व्रताच्या कक्षेत का येऊ नये? आपल्या समाजातील अनेक कुटुंबे कापडाच्या व्यवसायात आहेत. अनेक घरांतील मुली आता वेशकलेचे शिक्षण घेत आहेत. ठाण विकणारा आणि वस्त्र रचणारी, दोघांच्याही हाती या व्यवहाराची एक एक बाजू आहे.

आपल्या हाती काय आहे?

भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे कुलभूषण-देशभूषण मुनींचे सिद्धक्षेत्र. १९५५ साली चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी येथेच सल्लेखना घेतली. दिशा हेच ज्यांचे अंबर, त्यांच्या चरणी नतमस्तक होणारा समाज कापडाचा व्यापारही पिढ्यान्‌पिढ्या करीत आला. यात विसंगती नाही. वस्त्राचा सर्वथा त्याग हे मुनींचे महाव्रत. वस्त्राची मर्यादा हे श्रावकाचे अणुव्रत. किती कपडे घ्यावेत याचे परिमाण ठरविणाऱ्या घराला प्रयोगशील वेशकलेचा मूळ विचार परका वाटण्याचे कारण नाही. जे आहे त्याचेच नवे रूप करावे, जे फाटले त्याला टाका घालावा, हा तो विचार होय.

तेव्हा वेशकला शिकणाऱ्या मुलामुलींनी पहिला अभ्यास घरातच करावा. कपाटातील पाच कापडे काढावीत: एक गाळणे, एक जुने लुगडे, एक खण, एक चादर आणि एक गोधडी. प्रत्येक कापड सकाळी, दुपारी आणि दिव्याच्या उजेडात पाहावे. कोणते प्रकाश जाऊ देते, कोणते अडविते, कोणते परतविते, कोणते मोडून सावली करते, याची टिपणे ठेवावीत. मग गोधडी शिवणाऱ्या बाईंकडे जाऊन टाका शिकावा आणि शिकविण्याचे मोल द्यावे. तिच्या रचनेवरून वस्त्र केले तर त्याच्या चिठ्ठीवर, तिच्या संमतीने, तिचे आणि तिच्या गावाचे नाव घालावे. मजुरी टाक्यांच्या श्रमावर ठरवावी. 'जुन्या कपड्यांचेच तर आहे' या सबबीवर ती कापू नये.

श्राविका मंडळांनाही एक काम करता येईल. गावातील घरोघरच्या जुन्या गोधड्या एक दिवस मंदिराच्या सभागृहात मांडाव्यात, प्रत्येकीजवळ शिवणारीचे नाव लिहावे आणि ज्या आजी हयात आहेत त्यांच्याकडून कोणते ठिगळ कोणाच्या कोणत्या वस्त्राचे, ते टिपून घ्यावे. तगरच्या मलमलीची नावे मिळविणे आता कोणाच्याच हाती नाही. या गोधड्यांची नावे मात्र अजून सांगणाऱ्यांच्या ओठांवर आहेत. ती लिहून ठेवण्यास वही, लेखणी आणि एक दुपार पुरेशी आहे.